मशकीची शिवण

आमच्या वरवट बकालात इंद्रभानइतका चांगला चांभार नाही, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक आहे. चपला, बैलांचे पट्टे, ताशाचं कातडं, सगळं तो करतो. पण त्याचा जीव अडकलेला असतो तो वर्षातून एकदाच शिवायच्या मशकीत. बकरी ईदला जैतूनबीच्या घरून बोकडाचं अख्खं कातडं यायचं आणि महिन्याभराने, मोहरमला, पाण्याची मशक होऊन परत जायचं. जैतूनबीचे मालक याकूबभाई ती खांद्यावर टाकून मिरवणुकीत तहानलेल्यांना पाणी पाजत. इंद्रभान ते बघायला कधी गेला नाही. आपलं काम गळत नाही, मग बघायचं काय, असं म्हणायचा. मला त्याच्या या ताठ्याचा रागच यायचा.

याकूबभाई यंदा रमजानच्या आधी गेले. तरी ईदच्या दुसऱ्या दिवशी जैतूनबी कातडं घेऊन आली. पाणी बंद पडू द्यायचं नाही, एवढंच ती म्हणाली. कातड्यावर खांद्यापाशी एक जुना वण होता. बोकड लहान असताना काटेरी तारेत अडकला होता, आणि याकूबभाईंनीच हळद भरून त्याला बरं केलं होतं.

इंद्रभानने वणावरून बोट फिरवलं. "माही शिवण नाही गळत, भाभी. गळन तं हा वणच गळन."

मग महिनाभर त्याने त्या वणाचेच लाड केले. कातडं बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरलं, तेल प्यायलं, वणावर मेणाचे थर चढले. दुपारी काम करता करताच त्याचा डोळा लागे. अर्धवट झोपेत त्याला वाटे, फुगवून टांगलेली मशक हळूहळू श्वास घेते आहे. दारावरून याकूबभाई ओलं ओझं घेऊन जाताना दिसत. ते थांबत नसत. जाग आली की अंगणात सालीचा तुरट वास तेवढा असे. शिवण मात्र त्याने एका बैठकीत उरकली, सवयीने, फारसं न बघता.

मोहरमच्या दहाव्या दिवशी जैतूनबीने मशक दारातल्या तिवईला टांगली. यंदा न्यायला खांदा नव्हता. इंद्रभान पहिल्यांदाच आला, वणाच्या काळजीने. वण कोरडा ठणठणीत होता. थेंब शिवणीतून पडत होते.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताशे जवळ आले होते, लोक ओंजळी पुढे करत होते. तो खाली बसला आणि शिवणीवर अंगठा दाबून धरला.

लोक येत गेले, पीत गेले. गार पाणी त्याच्या मनगटावरून ओघळत होतं. त्याचे डोळे मिटले. याकूबभाई आले आणि या खेपेला थांबले, असं त्याने मला नंतर सांगितलं. मला ते खरं वाटतं.

हाक आली तेव्हा गल्ली रिकामी होती.

"सोडा आता, इंद्रभानभाऊ," जैतूनबी म्हणाली. "पानी कवाचंच सरलं."

अंगठा पांढरा पडून सुरकुतला होता. तरी त्याने तो लगेच काढला नाही.