कोटवाल्याच्या मागचा माणूस

हेमराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या बाजारात होतो, हातात भाजीची पिशवी घेऊन. फोन त्याच्या बायकोचा, दुर्गावहिनीचा होता. ती रडत नव्हती. “भाऊजी, हे गेले,” एवढंच म्हणाली आणि थोडं थांबून पुढे बोलली, “मी खाटेच्या खालीच निजली होती… मले काहीच समजलं नाही.” हेमराज माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याचं दुखणं लांबलं होतं, आज ना उद्या हा फोन येणार हे मला माहीत होतं. पण तिचं ते दुसरं वाक्य मात्र महिना होत आला तरी माझ्या कानातून जात नाही.

आमचं गाव बोदलकसाच्या तलावाकडचं, पाठीशी डोंगर घेऊन बसलेलं. गावात पहिला टीव्ही आमच्या घरी आला. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, पोरांची अशी दाटी व्हायची, की घरच्यांनाच बसायला जागा उरायची नाही. त्या वेळी दूरदर्शनवर एक इंग्रजी हेरमालिका लागायची. तिकडे साठच्या दशकात ती गाजून जुनी झाली होती, आमच्यापर्यंत पोचायला तिला वीसेक वर्षं लागली. काळीपांढरी. नाव आमच्यापैकी कुणालाच उच्चारता येत नसे, म्हणून आम्ही तिला ‘कोटवाला’ म्हणायचो. लांब कोटातला एक गुप्तहेर परक्या शहरात गाडीतून उतरायचा, धुक्यातून चालत जायचा, कुणाच्या तरी घराची बेल वाजवायचा आणि तिथून पुढे त्याच्या जिवावर बेतायचं. इंग्रजी कुणाला कळत होतं बाप्पा? ज्याचा आवाज मोठा त्याचा अर्थ खरा. कोटवाला एका बाईशी हळू आवाजात बोलायला लागला, की कोणी म्हणायचं बहीण आहे, कोणी म्हणायचं घरवाली आहे, आणि या वादात गोष्ट कुठल्या कुठे निघून जायची.

आता मूळ गोष्ट सांगतो. आमच्या टीव्हीत प्रत्येक माणूस दोनदा दिसायचा. एक ठसठशीत, आणि त्याच्या उजव्या अंगाला, जरासा मागे, दुसरा फिकट. मी पुढे टेलिफोन खात्यात नोकरीला लागलो, तेव्हा यामागचं कारण समजलं. लहर एकदा सरळ यायची आणि दुसऱ्यांदा डोंगरावर आपटून उशिरा यायची, म्हणून चित्राच्या मागे चित्र. पण त्या वयात आम्ही दुसरा टीव्ही पाहिलाच नव्हता. आम्हाला वाटायचं मालिकाच तशी आहे, आणि तो मागचा फिकट माणूस हे तिच्यातलं एक पात्र आहे. बातम्या देणाऱ्या बाईच्या मागेही तसलीच एक फिकट बाई बसलेली असायची, पण बातम्या पाहतो कोण.

हेमराजने त्या मागच्या माणसाचा अर्थ लावून टाकला होता. “मारनारे समोरून येतेत,” तो आम्हाला समजावून सांगायचा. “कोटवाल्याले ते दिसतेत. पन त्याच्या पाठीकडं कोन पाहीन? म्हून हा मागं राहते. हा आहे तवरिक कोटवाला एकटा नाही.” एकदा कोटवाला जिना चढून दाराबाहेर गेला. दार लागलं. हेमराजने माझं मनगट धरलं आणि कुजबुजला, “पाह्य, तो थांबला.” मला रिकामा जिना दिसत होता. पण भर दुपारी, इतकी पोरं अंगाला अंग लावून बसलेली असताना, माझ्या मानेवरचे केस उभे राहिले ते आजही आठवतं. “आपल्याकडं पाहून राहिला,” हेमराज म्हणाला.

मग बाबांनी तिरोड्याहून मेकॅनिक बोलावला. त्याने बांबू उंच केला, अँटेना फिरवला, आणि चित्र आरशासारखं स्वच्छ झालं. घरचे सगळे खूश. रविवारी कोटवाला धुक्यातून चालत आला तो एकटाच. हेमराज उठून उभा राहिला, रडायला लागला आणि बाहेर पळाला. दुसऱ्या दिवशी आमच्या छपराच्या कवेलूंवर काहीतरी कडकड वाजलं, पाहतो तर हा वर चढून अँटेना पूर्वीसारखा फिरवत होता. दोनचार कवेलू फुटले होते. बाबांनी कान धरून त्याला खाली आणला. “काऊन फिरवला रे?”

“तुमी त्याले एकटं पाडलं,” तो म्हणाला.

बाबा हसले. विशेष म्हणजे त्यांनी अँटेना पुन्हा काही सरळ केला नाही. पोराचं मन राखलं म्हणा, की छपरावर चढायचा आळस म्हणा… आईच्या मते आळसच. मालिका संपेपर्यंत मागचा माणूस कोटवाल्याच्या मागे होता.

पुढे मी गोंदियात आलो, हेमराज गावीच धानाची शेती करत राहिला. भेटलो की कोटवाल्याचा विषय निघायचाच. गेल्या पावसाळ्यानंतर त्याचं पोट दुखायला लागलं, मग नागपूरच्या चकरा झाल्या, आणि शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मला राहवेना. मुलाच्या मदतीने इंटरनेटवर शोधून शोधून ती मालिका मिळवली आणि मोबाइल घेऊन त्याच्याकडे गेलो. तेच धुकं, तोच कोट. इतकं स्वच्छ चित्र की कोटाची बटणं दिसत होती. मला वाटलं, गडी हरखून जाईल. हेमराजने बराच वेळ पाहिलं आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.

“येच्यात तो नाही.”

मी हसत हसत त्याला डोंगर, लहर, सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. “मले मालूम आहे ते,” तो म्हणाला. “पन मी आता जाऊन राहिलो न. मंग माह्या मागं कोन?”

“मी आहो, वहिनी आहे…”

“तुमी सारे समोर आहात रे,” तो म्हणाला.

मी मोबाइल खिशात ठेवला. हेमराज भित्रा माणूस नव्हता. पावसाळ्यात ज्या बांधावर साप निघतात तिथे तो अनवाणी फिरायचा. पण त्या दिवशी तो घाबरलेला होता, आणि त्याला धीर देण्यासारखं माझ्याजवळ काहीही नव्हतं.

पुढच्या खेपेला गेलो तर तो खाटेच्या अगदी काठावर, दाराकडे तोंड करून कुशीवर झोपलेला. पाठीमागे अर्धी खाट मोकळी. मी म्हणालो, “मधात सरक न, पडशील.” तो म्हणाला, “जागा लागते.” कोणाला, असं मी विचारलं. ढ पोराकडे पाहावं तसं त्याने माझ्याकडे पाहिलं आणि चक्क हसला. आजारात त्याला इतकं निवांत मी पहिल्यांदाच पाहत होतो. वहिनीने मला बाहेर अंगणात नेलं. “रोज मी ह्यायले मधात घेतो, भाऊजी. जराशानं पाह्यतो तं पुन्हा काठावर. आन् मागची गोधडी…” ती थांबली. “दबलेली राह्यते.” कोंबड्या धान टिपत होत्या, चांगलं ऊन पडलेलं होतं. तरी मला घरात परत जावंसं वाटेना.

मग तो गेला. वहिनी त्याच्या खाटेखाली चटईवर निजली होती. कित्येक रात्री जागून काढल्यावर तिचा तेवढाच डोळा लागला होता. पण भेटायला येणाऱ्या बायांच्या तोंडाला कोण हात लावणार? बाई निजलीच कशी, नवरा एकटा गेला, तोंडात पाण्याचा थेंब नाही… त्या तिच्या देखत बोलायच्या आणि ती मान खाली घालून ऐकायची. जेवण तिने जवळपास सोडलंच होतं.

आमच्याकडे माणूस जिथे गेला ती जागा दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी सारवतात, तिथे तांदळाचं पीठ पसरतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून म्हातारी माणसं पिठावरच्या खुणा वाचतात, गेलेला जीव कोणत्या वाटेने गेला ते सांगतात. माझा यावर विश्वास नाही. तरी मीही सगळ्यांबरोबर वाकून उभा होतो. हेमराजच्या अनुसया काकीने टोपली उचलली. पिठात चिमणीच्या पायांसारख्या बारीक खुणा होत्या, दाराच्या दिशेने गेलेल्या. आणि प्रत्येक खुणेच्या उजव्या अंगाला, जराशी मागे, तशीच दुसरी खूण. फिकट.

टोपली ठेवताना हलली असेल, असं मी लगेच मनाशी म्हटलं. नोकरीची सवय. तरी खुणा पुन्हा एकेक करून पाहिल्या.

काकीने एकेका खुणेवरून बोट फिरवत नेलं. मग म्हणाली, “जोडीनं गेला वो दुर्गा. एकटा नाही गेला.”

ज्या बाया इतके दिवस बोलत होत्या त्यांनी सरकून वहिनीला वाट दिली. वहिनी पिठाजवळ बसली आणि हेमराज गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली. मला भीती वाटत होती आणि फार बरंही वाटत होतं. या दोन गोष्टी एकाच वेळी वाटू शकतात, हे मला माहीत नव्हतं. नंतर तलावात सोडण्यासाठी तिनेच ते पीठ हाताने गोळा केलं, कण न् कण. त्या दिवशी ती जेवली.

मी निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली. कोटवाल्याच्या साऱ्या गोष्टी हेमराजने तिला लग्नानंतर सांगितलेल्या होत्या. फाटकाची कडी धरून तिने विचारलं,

“भाऊजी, तो मागचा मानूस… चांगला होता न?”

इतके रविवार आम्ही त्याला पाहिलं होतं. पण तो इतका फिकट असायचा की त्याचा चेहरा मला एकदाही नीट दिसला नव्हता.

“चांगला होता, वहिनी,” मी म्हणालो.