मुऱ्हाळ्याची गाडी

असोद्याला लीलाधरनानांच्या घरामागे, पत्र्याच्या शेडमध्ये, एक पांढरी मारुती उभी होती. उभी म्हणायची आपली. चारी चाकं बसलेली, बॅटरी कधीची मेलेली, मागच्या सीटवर ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि टपावर सुनेच्या कुरडया वाळत घातलेल्या. मुलाने, हितेंद्रने, नवी मोठी गाडी आणल्यापासून हिला कोणी हात लावला नव्हता. पण ती काढून टाकायचा विषय निघाला की नाना ताटातली भाकरी अर्धी ठेवून केळीला पाणी सोडायला निघून जायचे.

विषय तर रोजच निघे. हितेंद्रचं म्हणणं, गाडीची पंधरा वर्षं उलटून गेली, आता कागद नव्याने करत बसण्यापेक्षा भंगारात देऊन मोकळं व्हावं. सून मयुरीला शेड हवी होती. तिचा केळीच्या वेफर्सचा धंदा घरात मावेनासा झाला होता आणि कढईच्या धुराने सगळ्यांचे डोळे चुरचुरत. खरं बोलायचं तर सगळ्यांत रास्त मागणी तिचीच होती. एका भाऊबंदाने मागचा भाग कापून भाजीचा टेम्पो करा असा सल्ला दिला. या गृहस्थाने जन्मात स्वतःच्या सायकलचं पंक्चर काढलेलं नव्हतं. नशिराबादचा झुलाल मिस्त्री दोनदा येऊन बॉनेट उघडून गेला आणि पार्टांसाठी नेतो म्हणाला. नाना हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. दोन वर्षं गाडीचं असं भिजत घोंगडं पडलं होतं.

लोकांना वाटे, म्हाताऱ्याचा जीव गाडीत अडकलाय. जीव अडकला होता हे खरं, पण गाडीत नव्हे.

नाना तसे साधे शेतकरी. उन्हाळ्यात केळीच्या पानांनी माना टाकल्या की यांचं जेवण उतरायचं नाही, आणि घड कापायच्या दिवसांत घरच्यांनी यांच्याशी बोलायची सोय नसायची. शब्दाचे पक्के, वेळेचे त्याहून पक्के, तोंडाने मात्र कंजूष. त्यांना एकच थोरली बहीण, सुंदरबाई. गावात सगळे तिला अक्काच म्हणत. ती धुळ्याला देवपुरात दिलेली होती. नवरा सरकारी कचेरीत कारकून, चारचौघांत मान असलेला. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. झोके बांधायचे, गौराई बसवायची, आमरस-पुरणपोळी खायची आणि चार दिवस सासर विसरायचं. पण लेक आपल्या पायाने येत नाही. माहेराहून तिला न्यायला कोणीतरी जावं लागतं, बाप नाहीतर भाऊ. त्याला मुऱ्हाळी म्हणतात, आणि त्याच्या जाण्याला मूळ जाणं. मूळ आलं नाही तर बाई सासरच्या उंबऱ्यात डोळे पुसते, पण बसमध्ये बसत नाही.

आबा, म्हणजे नानांचे वडील, होते तोवर ते जात. आबा वारले त्याच वर्षी केळीला भाव चांगला लागला आणि नानांनी ही मारुती घेतली. घेतली तेव्हाच सांगून टाकलं होतं की ही अक्काला आणायची गाडी. तेव्हापासून दर आखाजीला पांढरी मारुती देवपुरात जायची आणि अक्काला घेऊन यायची. एकही वर्ष चुकलं नाही.

मग नानांच्या साखरेने डोकं वर काढलं. उजव्या पायाला आधी मुंग्या आल्या, मग तळवा बधिर झाला. एकदा पाळधीजवळ समोर सायकलवाला आला आणि पाय ब्रेकवर आहे की नाही हेच यांना कळेना. सायकलवाला वाचला, नानाही वाचले, पण घरी येऊन त्यांनी किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. कारण कोणाला सांगितलं नाही. गाडी चालवायचा कंटाळा आला, एवढंच म्हणाले.

त्यानंतरच्या आखाजीला केळीची कापणी जोरात होती आणि हितेंद्र माल भरण्यात गुंतलेला. तेव्हा नानांनी एक गोष्ट केली. त्यांना ती फार सोयीची वाटली होती. त्यांनी मुलाची नवी गार हवेची गाडी, भाड्याचा ड्रायव्हर देऊन, धुळ्याला धाडली. अक्का थाटात येईल, असं मनात धरलं होतं.

अक्काने ड्रायव्हरला पाट दिला, पोटभर जेवू घातलं, वाटेसाठी सांजोऱ्या बांधून दिल्या आणि गाडी रिकामी परत पाठवली. निरोप एवढाच होता.

"माह्या भावाले सांगजो, गाडी आली, पन मूय नही आलं."

नाना आधी रागावले. एवढी महागाची गाडी पाठवली आणि हिचं आपलं भलतंच, असं दोन दिवस पुटपुटत राहिले. राग उतरल्यावर लाज वाटली, आणि लाजेला काही औषध नव्हतं. फोन करायला घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. पुढच्या आखाजीला, पाय बरा झाला की मीच जाईन, असं मनाशी म्हणत बसून राहिले. पाय काही बरा झाला नाही. तीही आखाजी तशीच गेली. आता तिसरी तोंडावर आली होती.

नानांच्या बायकोने, द्वारकाबाईंनी, हे सगळं बघितलं होतं. त्या दिवशी जेवताना पुन्हा गाडीवरून काथ्याकूट झाला आणि नाना नेहमीप्रमाणे उठले. द्वारकाबाई मागोमाग शेडपर्यंत गेल्या. नाना गाडीच्या काचेवरची धूळ बोटाने पुसत उभे होते.

"हे दारात उभी हाये ना, म्हनून तुमचं जानं व्हत नही," त्या म्हणाल्या. "आज नही तं उद्या चालू करीन, असं म्हनत बसता. इकून टाका. मंग एस्टीनं तरी जासान."

बाईने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. गाडी आहे तोवर आपण जाणारच आहोत असं स्वतःला सांगता येत होतं, आणि तेवढ्यावर दोन वर्षं निघाली होती.

दुसऱ्या दिवशी झुलाल मिस्त्री ट्रॅक्टर घेऊन आला. नळ्या काढल्या, कुरडया उतरवल्या, दोर बांधला आणि मारुती गेली. मयुरीने लगोलग शेड झाडायला घेतली. नाना घरात येऊन धुतलेलं धोतर शोधायला लागले.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी हितेंद्र म्हणाला, थांबा, मी नवी गाडी काढतो. नानांनी नको म्हटलं. जळगावहून त्यांना एस्टी मिळाली ती लेकीबाळींनी आणि मुऱ्हाळ्यांनी खच्चून भरलेली. पारोळ्यापर्यंत उभे, तिथे एका बाईने पोराला मांडीवर घेऊन जागा दिली. पाय दगड झाला होता. धुळ्याला उतरून रिक्षाने पांझरा ओलांडली आणि गल्लीच्या तोंडाशी उतरून ते हळूहळू चालत घरापाशी आले.

दार अक्काच्या सुनेने, सारिकाने, उघडलं. मामा म्हणून पाया पडली आणि आत हाक मारत गेली. अक्का बाहेर आली. ती वाळली होती, डोक्यावरचा पदर सावरायला तिला भिंत धरावी लागली. तिने भावाच्या मागे रस्त्यावर पाहिलं.

"गाडी इकली," नाना म्हणाले. "एस्टीनं आलो. पिशवी भर. तुले न्याले आलो."

अक्काचे डोळे भरले. येते, म्हणाली, पण आज नाही. आज त्याने मुक्काम करायचा, आबा करायचे तसा, आणि उद्या इथे तिच्या नवऱ्याची घागर भरून आखाजी झाली की दोघांनी निघायचं. नाना गोंधळले. घरच्या कर्त्याने आखाजीला पितरांची घागर भरायची असते, आबांची घागर त्यांनी एकदाही चुकवली नव्हती. मग त्यांनी हितेंद्रला फोन लावला आणि उद्या घागर तू भर म्हणून सांगितलं.

सारिका पाणी द्यायला आत वळली, तसे नाना चूळ भरायला तिच्यामागे मोरीकडे गेले. या घराच्या आतल्या भागात त्यांचं हे पहिलंच पाऊल होतं. दर वर्षी ते फाटकाशी हॉर्न वाजवत, अक्का पिशवी घेऊन तयारच असे, फार तर उभ्याने चहा होई. मेहुण्याच्या मयतालाही ते अंगणातल्या मांडवातूनच परतले होते. मोरीच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीला लागून, एक अंधारी जागा होती. तिथे अक्काची लग्नातली पेटी होती, गुंडाळलेली वळकटी होती आणि खिळ्याला तिची दोन लुगडी होती. नानांना वाटलं, अक्का आता थकलीय, मोरी जवळ पडावी म्हणून असेल. त्यांनी तसं विचारलं. सारिकाने मान खाली घातली. सासरे गेल्यावर आपण कितीदा म्हटलं पुढे या, पण त्यांना आता इथेच झोप लागते, असं म्हणाली.

अक्का मागे येऊन उभी होती.

"आबा येत व्हते तंवर मी पुढच्या खोलीत व्हती," ती म्हणाली. "मुक्कामाले येयेल बापाच्या डोयाले सारिकाचे सासरे भेत. आबा गेले, त्याच साली माही पेटी अठी आली."

नाना भिंतीला टेकले. या टाकीजवळ बहिणीने जवळजवळ वीस वर्षं काढली होती, आणि शेवटची दोन सोडली तर तेवढीच वर्षं ते फाटकाशी येऊन, वेळेत आलो म्हणून खूश होऊन, तिला घेऊन जात होते आणि परत इथेच आणून सोडत होते. वाटेत दोन-अडीच तास ती शेजारच्या सीटवर असायची. तिने चकार शब्द काढला नव्हता.

"मले सांगितलं काहून नही?" त्यांनी विचारलं.

"सांगाची गोष्ट नही व्हती ते, भाऊ," अक्का म्हणाली. "पाहाची व्हती. मुऱ्हाळी पाहासाठीच येतो."

लीलाधरनाना पेटीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. अक्काने त्यांना रडू दिलं. मग सारिकाला तिने चहा आतच आणायला सांगितला आणि स्वतः वळकटी उलगडून भावाशेजारी टेकली.