व्हिडिओ घ्यावा का?

वजन उचलायला शिकवणाऱ्या व्हिडिओचा फुकट दाखवतात तो तुकडा मी पाहत होते. पडद्यावरच्या बाईनं लोखंडी दांडा डोक्यावर नेऊन धाडकन खाली आदळला, तशी शेजारी बसलेली माझी धाकटी बहीण दचकली. नवऱ्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. कपाळावरचे टाके अजून ओलेच आहेत.

"घेऊ का गं विकत? की नुसती बडबडच असेल?"

ती पडद्यावरून नजर काढेना. तिच्या नवऱ्याला मारायला कुणी शिकवलं नव्हतं. हिला मात्र सगळं पहिल्यापासून शिकायचं होतं.

"घे ताई," ती म्हणाली. "पुढच्या वेळी त्याचा हात धरता आला पाहिजे."

"पुढची वेळ कसली? तू परत जायचं नाहीस!" मी ओरडले.

तिनं तो तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला. मी व्हिडिओ विकत घेतला.