आमच्या बोळातल्या बायकांचं पहिलं मत

सभेत बोलायला उभं राहिल्यावर आपला उमेदवार कोण आणि समोरचा कोण, एवढं तरी माणसाने ध्यानात ठेवावं. मला तेवढंही जमलं नाही.

इलाख्याच्या असेंब्लीची निवडणूक होती. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती, हवेत अजून थोडा गारवा होता. मार्शल लॉच्या दिवसांत सरकारच्या धाकाने ट्रंकेच्या तळाशी गेलेल्या पांढऱ्या गांधी टोप्या परत लोकांच्या डोक्यावर दिसायला लागल्या होत्या. आमच्या पेठेतले वकीलसाहेब उभे होते आणि त्यांच्या विरुद्ध एक शेटजी. दोघेही आधीपासून म्युनिसिपालिटीत मेंबर. मी गिरणीच्या ऑफिसात कारकून, वय पंचविशीचं, आवाज मोठा. आणि आवाज मोठा म्हणजे आपण वक्ते, अशी माझी प्रामाणिक समजूत.

मारुतीच्या देवळापुढे सभा भरली होती. मी हात उंच करून गरजलो, "पलीकडच्या बोळात नळ आला! कुणी आणला?" आता लोक वकीलसाहेबांचं नाव घेतील आणि टाळ्या वाजवतील, असा माझा बेत. लोकांनी नाव घेतलं, अगदी एका सुरात घेतलं, टाळ्याही वाजवल्या. ते नाव शेटजींचं होतं. तो नळ शेटजींनी आणला हे मी सोडून सगळ्या पेठेला ठाऊक होतं. मागून कुणीतरी ओरडलं, "बोला बोला, आजून बोला की! शेटजीचा टांगा निघालाय तुमाला न्यायला."

वकीलसाहेब भला माणूस. दुसऱ्या दिवशी मला बोलावून चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही आता सभा सोडा. तुम्हाला त्याहून मोठी कामगिरी देतो. तुमच्या बोळातल्या बायकांची मतं."

ही बढती नव्हे, हे मला घरी येईपर्यंत कळलं नाही. घरी आल्यावर बायकोने सांगितलं.

त्या साली नवा कायदा आला होता. ज्याचं घर आहे, ज्याला मत आहे, त्याच्या बायकोलाही त्याच घराच्या जोरावर मत. आमच्या बोळात तीस-पस्तीस बायकांची नावं यादीत लागली होती. नावं म्हणजे काय, यादी करायला आलेल्या माणसाने दारात उभ्या असलेल्या पुरुषांनाच विचारून सगळं लिहून नेलं होतं. त्यामुळे यादीत प्रत्येकीच्या पुढे 'अमक्याची बायको' एवढंच होतं. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मला तर नाहीच.

माझी बायको दुधनीकडची. रागावली की कानडीत जायची, आणि तिथून परत मराठीत यायला तिला वेळ लागायचा. आमच्या बोळात नळ नव्हता. बायका दोन बोळ ओलांडून विहिरीवर जायच्या. आदल्या उन्हाळ्यात पाणी पार तळाला गेलं होतं. शेवटच्या पायऱ्यांवर शेवाळ. हिचा पाय घसरला, घागर गेली आणि मनगट मोडलं. हाड बसवणाऱ्याने बसवलं, पण ते जरा वाकडंच राहिलं. भाकरी थापता थापता ती मधेच थांबून हात झटकायची. मी जेवताना ते पाहायचो आणि ताटाकडे बघायचो.

वकीलसाहेब मत मागायला बोळात आले, तेव्हा सगळ्या बायका दाराआड उभ्या. वकीलसाहेब इलाख्याबद्दल, कायदेमंडळाबद्दल, देशाबद्दल चांगलं बोलले. मग आमच्या दाराआडून आवाज आला, "बोळात नळ येतोय का?"

वकीलसाहेब म्हणाले, "ताई, एकदा मी असेंब्लीत गेलो म्हणजे—"

"मुंबईचं असू द्या. बोळात येतोय का, तेवढं सांगा."

बोळ हसला. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. वकीलसाहेबही हसले, मग जरा विचार करून म्हणाले, "मत कुणाला देता ते मी विचारणार नाही. पण या बोळातल्या सगळ्या बायका मताला आलेल्या मला दिसल्या, तर नळ माझ्याकडे लागला. निम्म्या घरीच राहिल्या, तर मी तरी म्युनिसिपालिटीत कुणाच्या जोरावर भांडू?"

ते गेल्यावर मी घरात आलो तशी ही मला म्हणाली, "ऐकलाव न्हवं? एक बाई मागं राहता कामा नये. शिकवा समद्यांस्नी."

मी शिकवायला लागलो. आमच्या अंगणात घासलेटचे दोन डबे आणले, वरून चीर पाडली, एक हिरवा रंगवला, एक तांबडा. निरक्षर माणसाला कळावं म्हणून सरकारने प्रत्येक उमेदवाराला एका रंगाची पेटी दिली होती, आमची हिरवी. शेजारच्या अक्का रंगाऱ्याच्या घरातल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, आवाज असा की माग चालू असतानाही ऐकू यायचा. त्या डब्याकडे पाहून म्हणाल्या, "हा हिरवा कच्चा हाय. एका धुण्यात जातो बघा." मी म्हटलं, "अक्का, पेटी धुवायची नाही, तिच्यात चिठ्ठी टाकायची." "सांगून ठेवलं आपलं," अक्का म्हणाल्या.

तीन दिवस दुपारी आमच्याकडे तालीम. मी मतदान घेणारा साहेब व्हायचो, टेबलाच्या जागी पाट उभा करायचो. "पुढे या. चिठ्ठी घ्या. आडोशाला जा. हिरवी पेटी. टाका. या." बायका ओळीने यायच्या, पदर सावरायच्या, चिठ्ठी टाकायच्या आणि तोंडाला पदर लावून हसत परत जायच्या. एक म्हातारी दर वेळी चिठ्ठी टाकल्यावर डब्याला हळद-कुंकू लावायला बघायची. तेवढं सोडलं तर माझ्या बायका इतक्या तयार झाल्या की लाटसाहेबाने बघून शाबासकी दिली असती.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी पुढे आणि मागे तीस-पस्तीस जरीकाठी लुगडी, अशी वरात म्युनिसिपालिटीच्या शाळेपर्यंत गेली. वकीलसाहेब फाटकाजवळ उभे होते, त्यांनी लांबूनच मला नमस्कार केला. सभेतली चूक धुऊन निघाली म्हणायची! बायकांची खोली वेगळी, तिथे मतदान घेणाऱ्या साहेबांखेरीज पुरुषांना मज्जाव. आपली मतं देऊन लिंबाखाली थांबलेल्या बोळातल्या पुरुषांत मी जाऊन उभा राहिलो आणि विडी पेटवली.

विडी संपायच्या आत पहिली बाई परत आली. मग दुसरी, मग तिसरी, मग माझी बायको.

"झालं?" मी विचारलं.

"कशाचं होतंय! नाव विचारायलेत."

"मग सांगायचं."

"कुणाचं?"

"माझं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी विडी टाकली. "तुमी शुद्धीवर हाव का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन दिवस मी साहेब झालो, पण एकीलाही नाव विचारलं नाही. कशाला विचारीन? सगळ्या माझ्याच बोळातल्या, मी सगळ्यांना ओळखत होतो. आत बसलेले साहेब मात्र पुण्याकडचे, त्यांच्यापुढे 'अमक्याची बायको' लिहिलेली यादी. ते विचारत होते, "नवऱ्याचं नाव?" आणि आमच्याकडे त्या काळी बाईने मालकाचं नाव तोंडाने घ्यायचं म्हणजे... लग्नात, सणावाराला उखाण्यात घेतलं तर घेतलं, एरवी ते उच्चारलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. माझं आयुष्य वाढावं म्हणून माझ्याच बोळाचं मत बुडत होतं.

खिडकीतून आतलं ऐकू येत होतं. एक बाई सांगत होती, "त्ये बघा, लिंबाखाली, तांबडा पटका."

साहेब म्हणाले, "बाई, पटक्याचं नाव काय?"

दुसरीने जरा डोकं लढवलं, "ज्यांनी समुद्रावर पूल बांधला त्यांचं."

साहेब शांतपणे म्हणाले, "कोण, इंजिनियर?"

म्हातारीने उखाणा सुरू केला. तो चांगला लांबीचा होता, आणि नाव यायच्या आधीच साहेबांनी हात जोडून तिला बाजूला बसवलं.

एकेक बाई बाहेर येऊन लिंबाखाली बसायला लागली. फाटकाजवळून वकीलसाहेब बघत होते. शेटजींचा माणूसही बघत होता आणि मिशीत हसत होता. मी धावत दारापर्यंत गेलो, ओरडून म्हणालो, "साहेब, मी सांगतो सगळ्यांची नावं!" शेटजींच्या माणसाने लगेच हरकत घेतली: हा उमेदवाराचा प्रचारक, हा पुरुष, याने बायकांच्या खोलीत तोंड घालायचं नाही. साहेबांनी मान डोलावली. मी परत लिंबाखाली.

बायको मनगट चोळत बसली होती. बोळातल्या दोघी-तिघी उठून घरी निघाल्या, चुलीवर काहीतरी ठेवून आल्या होत्या म्हणे. ही ताडकन उठली. "बसा खाली. कुणी हलायचं न्हाय." मग माझ्याकडे वळून, "बाईनं सांगितलं तर चालतंय का?"

"कुठल्या बाईनं?"

"माझ्या मालकाचं नाव मी घेणार न्हाय. अक्काच्या मालकाचं घ्यायला मला काय धाड भरलीया? आन् अक्का तुमचं घेतील. जावा, नियमात बसतंय का इचारून या."

मी दाराबाहेरूनच विचारलं. साहेबांनी चष्मा पुसला, नियमांचं पुस्तक काढलं, बराच वेळ पानं उलटली. माझी बायको, बोळ, शेटजींचा माणूस, सगळे त्यांच्या पानांवरून फिरणाऱ्या बोटाकडे बघत. शेवटी ते म्हणाले, "यादीतल्याच दुसऱ्या मतदाराने ओळख पटवली तर हरकत नाही."

मग लिंबाखाली जे सुरू झालं, तशी जोड्या जुळवायची गडबड मी लग्नसराईतही पाहिलेली नाही. दोघींच्या मालकांचं नाव एकच निघालं. त्या एकमेकींसाठी निरुपयोगी. एकीच्या मालकाचं नाव दुसरीच्या सासऱ्याचं, तेही बाद. एकीने जोडीदारीण मिळाल्यावर सांगितलं की तिच्याशी दिवाळीपासून बोलणं बंद आहे. ही म्हणाली, "तिच्याशी नको बोलू. साहेबाशी बोल." सगळ्या जोड्या लावून होईतोवर हिचा पदर खांद्यावर आला होता आणि आवाज पार कानडीत गेला होता.

दोन-दोन करून त्या आत गेल्या. दुसरीचा मालक म्हटल्यावर कसली लाज! बापाच्या नावासकट, आडनावासकट, ठणठणीत. अक्कांनी माझं पूर्ण नाव असं घेतलं की रस्त्यावरच्या टांगेवाल्याने मागे वळून पाहिलं. माझी आई लवकर गेली. तिच्यानंतर माझं नाव बाईच्या आवाजात मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. काही क्षण तिथेच उभा राहिलो, हाक मारलेल्या पोरासारखा.

सगळ्यांची मतं झाली. म्हातारीचंसुद्धा, तिची जोडी माझ्या बायकोनेच दुसऱ्यांदा आत जाऊन लावली. लगेच घरी जायला कुणी तयार होईना. लिंबाखाली बसून त्यांनी भाजलेल्या शेंगा फोडल्या आणि एकमेकींच्या नवऱ्यांची नावं परत परत घेऊन इतक्या हसल्या की आम्ही नावांचे मालक हळूच फाटकाबाहेर गेलो. ती दुपार माझ्या डोळ्यांपुढे अजून तशीच आहे. लिंबाची सावली, टरफलांचा सडा, आणि विहिरीचा विषय न काढता बसलेल्या आमच्या बोळातल्या बायका. त्यांना तसं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

वकीलसाहेब निवडून आले. हारतुरे झाले. उन्हाळा आला, विहीर परत तळाला गेली, आणि नळाचं कुणी नाव काढेना. मी दोनदा वकीलसाहेबांकडे गेलो, दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. तिसऱ्या वेळी मला जायला मिळालं नाही. बोळातल्या सगळ्या बायका रिकाम्या घागरी घेऊन गेल्या आणि वकिलांच्या ओट्यावर ओळीने बसल्या. भांडण नाही, तंटा नाही. त्यांच्या मंडळी बाहेर आल्या, म्हणाल्या, "अगबाई, काय हवंय?" ही म्हणाली, "काय न्हाय वैनी. साहेबांनी मताच्या दिवशी आमाला मोजलं असंल. आज परत एकदा मोजून घ्या म्हनावं." वकीलसाहेब दारात आले, घागरी पाहिल्या, आत गेले, कोट घालून आले आणि टांगा मागवून थेट म्युनिसिपालिटीत गेले.

नळ आला. पावसाळ्याआधी म्हणाले होते, पावसाळ्यानंतर आला. बोळाच्या तोंडाशी, दिवसातून एकदाच, तासभर. पहिल्या दिवशी नारळ फोडला. वकीलसाहेब बोलले. मीही दोन शब्द बोलायला पुढे झालो होतो, पण नळाला पाणी आलं आणि घागरींच्या आवाजात माझे दोन शब्द कुणाला ऐकू गेले नाहीत.

घरी आलो तर ही भरलेली घागर उतरवून हाताला फुंकर घालत होती. मी म्हटलं, "बघ, मत दिलं की असं होतं. पुढच्या निवडणुकीला आणखी चांगली तालीम घेईन सगळ्यांची."

ती म्हणाली, "तालीम राहू द्या. पुढच्या येळंला आमी बायका जाऊन येतो. तुमी घरीच थांबा. नळ कवा येतोय नेम न्हाय, कुणीतरी भराया पायजे."