झिजलेल्या टाचा

डॉक्टरचं नाव काढलं तरी कारागिराच्या कपाळाला आठी पडे. तीस वर्षं तो बाजाराच्या कोपऱ्यावर जोडे दुरुस्त करत बसला होता. त्याच्या लेखी माणसं दोनच प्रकारची, काम करणारी आणि कामावर पांघरूण घालणारी. डॉक्टर दुसऱ्यातला, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

बायकोचा गुडघा बदलून आठ महिने झाले होते. ठणका गेला, पण जिना उतरताना गुडघा बाहेरच्या बाजूला लचकायचा आणि ती कठडा गच्च धरून थांबायची. घर तिसऱ्या मजल्यावर. बहिणीकडे जायचं म्हटलं तरी नवऱ्याची वाट बघायची. तिला एकटीनं खाली उतरायचं होतं, बाकी काही नको होतं.

ऑपरेशन करणाऱ्या त्या डॉक्टरनं तीनदा तपासलं. तीनही वेळा तिला झोपवून काढलेला एक्सरे उजेडाला धरला, खोलीत चार पावलं चालवलं आणि दात काढून हसला. "उत्तम आहे! भीती मनात आहे. होईल सवय."

"डोंबलाची सवय!" बाहेर येताच कारागीर फणफणला. "बूट डगमगला तर मी गिऱ्हाइकाला सवय कर म्हणतो का? शी! किळस येते या लोकांची."

"अहो, हळू. लोक बघतायत," ती म्हणाली.

चौथ्या खेपेला दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मावशी, सँडल काढून चाला बघू."

तिसऱ्याच पावलाला गुडघा बाहेर फेकला गेला. बाईंनी सँडल उचलली, टाचेवरून अंगठा फिरवला. "ही बाहेरून उंच कुणी केली?"

"मी," कारागीर छाती काढून म्हणाला. "त्याच बाजूनं झिजते. दर पंधरवड्याला टाच बदलतो, बाहेरून चामड्याची पट्टी जास्त लावतो. माझी बायको तिरक्या टाचेनं फिरली, तर बाजारात तोंड दाखवायला जागा राहील का?"

बाईंनी तिला अनवाणी उभं करून अख्ख्या पायाचा एक्सरे काढायला लावला.

गुडघा बदलताना नडगीच्या हाडावर बसवलेली धातूची चकती आतल्या बाजूला कलून बसली होती. सगळा भार गुडघ्याच्या आतल्या अंगावर पडत होता, बाहेरची बाजू प्रत्येक पावलाला उघडत होती आणि म्हणून टाच बाहेरून झिजत होती. डॉक्टर आता हसत नव्हता. "बसवताना कलली, ती चूक माझी. पण तुमच्या उंच टाचेमुळे चालताना गुडघ्याचं लचकणं दिसलं नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा बंध ताणून सैल झालाय. पुन्हा उघडावं लागेल."

कारागिरानं शिवी तोंडात आणली आणि गिळली. परक्याची टाच एका बाजूनं झिजली की तो आपणहून सांगायचा, पाय दाखवून घ्या. घरच्या सोळा टाचा त्यानं उपटल्या, तिरक्या झिजलेल्या बघितल्या आणि कचऱ्यात फेकल्या. त्याला स्वतःच्या हातांची शिसारी आली.

घराच्या जिन्यापाशी ती थांबली.

"मला वाटायचं, तुम्ही डॉक्टरांना सांगितलंच असेल," ती म्हणाली. "झीज तर तुम्हीच बघत होतात."

त्यानं हात पुढे केला. तिनं कठडा धरला.