ताई, हात वर करा

डॉ. कुसुमताई बोपचे यांची साठी होत आहे, आणि त्यांच्याविषयी लिहायचे म्हणजे मला माझ्या फजितीपासून सुरुवात करावी लागते. फिजिओथेरपी शिकून मी नागपूरहून गोंदियाला त्यांच्या केंद्रात आले. पहिल्याच दिवशी दवनीवाड्याचे एक म्हातारे शेतकरी खांदा धरला म्हणून आले. मी विचारले, "बाबा, हात उचलता का?" उत्तर शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने दिले, "पहिले उचले जी माह्यावर. आता नाई उचलत."

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी आजींना स्टुलावर बसवले आणि म्हटले, "तुमचा हात वर करा पाहू." तो कानापर्यंतही जाईना. आजी नुसत्या सोबत आलेल्या, त्यांना कोणी विचारलेच नव्हते. उपचार दोघांवर सुरू झाले आणि पहिला नंबर आजींचा लागला. मला ताईंनी एवढेच सांगितले, "इथं 'हात वर करा' म्हणायचं. आणि सोबत आलेल्यालाही म्हणायचं."

पुस्तकातला खांदा मला तोंडपाठ होता. ताईंनी तो चहाच्या बशीत लिंबू ठेवून पुन्हा शिकवला. "खुब्याला खोल वाटी मिळाली, म्हणून तो पक्का. खांद्याला ही उथळ बशी, म्हणून हात चहूकडे फिरतो. पण बशीतलं लिंबू घरंगळतं. त्याला जागेवर ठेवायला चार स्नायू राबतात. शिवाय बशी आहे पाठीवरच्या पात्याची. हात वर जाताना तीही कलते. तेव्हा नुसता दंड चोळत बसू नकोस, पाठ बघ." आजही खांद्याचा रुग्ण आला की मी आधी त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहते.

बोदलकशाचे एक मासेमार म्हणाले होते, "सगळ्या डाक्टरायनं हात वर केले जी." ताई म्हणाल्या, "त्यांनी केले ना? आता तुम्ही करा." जाळे फेकताना त्यांचा खांदा कुठे अडतो हे पाहायला त्या स्वतः तलावावर गेल्या आणि जड जाळ्याआधी सरावाला त्यांच्याकडून त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओला करून फेकवून घेतला. ते आता पुन्हा जाळे फेकतात.

गेल्या वर्षी ताईंचाच उजवा खांदा धरला. त्यांना मधुमेह, आणि साखर असलेल्यांचा खांदा असा धरतो, हे आम्हाला त्यांनीच शिकवलेले. उपचार माझ्याकडे आले. खरे सांगते, रुग्ण म्हणून ताई महाकठीण. व्यायाम चुकवायच्या आणि वर माझी पकड चुकते म्हणायच्या. केस विंचरायलाही दुसऱ्याचा हात लागू लागला, तेव्हा एक दिवस म्हणाल्या, "ज्या हातानं लोकांचे हात पेलायचे तोच उठत नाही. आता केंद्र बंद करू."

मला रडू आले आणि रागही आला. म्हटले, "ताई, तुम्हीच हात वर केले तर आम्ही कोणाकडे पाहायचं?"

ही गोष्ट दवनीवाड्याला कशी पोचली, ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात आजी एकट्याच आल्या. "काय दुखतं?" मी विचारले. "मले कायले दुखते? मॅडमच्या सोबत आली," म्हणाल्या. ताईंना त्यांनी भिंतीसमोर उभे केले, आपलाही हात भिंतीला लावला आणि बोटे वर चालवत म्हणाल्या, "मॅडम, हात वर करा." ताईंनी केला. खांद्याच्या उंचीवर अडकला, पण केला. त्यानंतर त्यांनी व्यायाम चुकवला नाही, आणि केंद्र चालू आहे.

ताईंना भरपूर आणि निरोगी आयुष्य मिळो, आणि आम्हाला त्यांचे रागावणे. सत्काराला येणाऱ्यांना एकच विनंती. ताईंच्या अंगावर शाल घातली की ती उजव्या खांद्यावरून घसरेल. मागून ओढून घ्यायला हात वर जाऊन मागे वळावा लागतो, आणि धरलेल्या खांद्याला नेमके तेच जमत नाही. तरी कोणी सावरायला धावू नये, ताई ती स्वतःच ओढून घेतील. आजी पहिल्या रांगेत बसणार आहेत, त्यांना ते बघायचे आहे.