सतरा नंबरवाली

नववीच्या वर्षी मला कावीळ झाली आणि दिवाळीनंतरचे दोन महिने अंथरुणात गेले. परत शाळेत आले तोवर वर्ग गणितात कितीतरी पुढे गेला होता. वार्षिक परीक्षेत मी गणितात नापास झाले. बाकी सगळ्या विषयांत पास.

मुख्याध्यापिकाबाईंनी वडिलांना बोलावून घेतलं. वडील हिंगण्याला एका कारखान्यात मशीनवर होते. रात्रपाळी संपवून ते कंपनीच्या बसमधून उतरले आणि तसेच शाळेत आले, लाल डोळ्यांनी, अंगावर निळा शर्ट. बाईंनी त्यांच्यासाठी चहा मागवला. त्या चहाचा मला आजही राग येतो.

"मुलगी हुशार आहे," बाई म्हणाल्या. "पण पुन्हा नववीत बसवून वर्ष कशाला घालवता? दाखला काढा, सतरा नंबरचा फॉर्म भरा. बाहेरून थेट दहावी देईल."

"पण मॅडम, शाळेत राहिली तं शिकन तरी," वडील म्हणाले. "घरी तिले कोन शिकवन?"

"आमचा दहावीचा निकाल शंभर टक्के असतो. कच्ची मुलं पुढे नेली तर शाळेचं नाव जातं. तुम्ही समजूतदार आहात."

समजूतदार! शाळेतल्या माणसांशी वाद घालायचा नसतो, एवढीच त्यांची समजूत होती. त्यांनी अर्जावर सही केली. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण आलं: पालकांच्या विनंतीवरून. मी दारातच उभी होते. मला कोणी काही विचारलं नाही.

बाहेरून बसणाऱ्यांना फॉर्म एखाद्या शाळेमार्फत भरावा लागतो. मला शाळा मिळाली ती हीच. मुलगी तीच, इमारत तीच, पण आता मी नापास झाले तरी त्यांच्या शंभर टक्क्यांना धक्का लागणार नव्हता. बाहेरच्यांचा निकाल वेगळा धरतात. हे कळलं त्या दिवशी मी जेवले नाही.

प्रात्यक्षिकाच्या तासांना तिथे एक ताई भेटली. उमरेडची. नवरा वारल्यावर नागपुरात भावाकडे आलेली, एका दवाखान्यात आया होती. दहावी झाली की पुढचा कोर्स करता येणार होता. इंग्रजीला ती घाबरायची, मी गणिताला. दुपारी तिची ड्युटी सुटली की आम्ही तिच्या भावाच्या गच्चीवर बसून अभ्यास करायचो. तिच्यासारखीला सतरा नंबर नसता तर शाळेत परत यायला दुसरी वाट नव्हती. वाट चांगलीच आहे. त्या वाटेवरून मला ढकलत नेलं, राग त्याचा आहे.

परीक्षेला आम्हा बाहेरच्यांना मागच्या इमारतीत, संडासाजवळच्या खोलीत बसवलं. मराठीच्या पेपरला पर्यवेक्षक बाई आल्या आल्याच म्हणाल्या, "सतरा नंबरवाले ना? चला, उठा. खिसे उलटे करा. तुम्ही पदर झटका."

ताई उभी राहिली. "काहून? समोरच्या खोलीतल्या पोरींच्या ओढण्या झटकल्या का तुम्ही?"

"त्या रेग्युलर आहेत."

"मंग आमी काय चोर आहो?"

ताईने पदर झटकला, इतक्या जोरात की बाई मागे सरकल्या. काहीही पडलं नाही. मग ती खाली बसली. पहिलं पान तिच्याकडून कितीतरी वेळ लिहून झालं नाही.

निकाल लागला. मी प्रथम श्रेणीत पास झाले, गणितासकट. ताई इंग्रजीत गेली. शाळेच्या फाटकावर शंभर टक्क्यांचा फ्लेक्स लागला होता. त्याखालून मी आणि वडील गुणपत्रिका आणायला गेलो.

"बघ, मी म्हटलं होतं ना?" बाई हसून म्हणाल्या. "बाहेरून सोपं जातं."

"सोपं नाही गेलं मॅडम," मी म्हणाले. "आणि मी शाळा सोडली नव्हती. तुम्ही काढलं होतं मला. दाखल्यावर खोटं लिहिलंय."

बाईंचं हसू गेलं. "पाहा हो, कशी बोलते ही. शिकवा हिला जरा."

मला वाटलं, वडील माफी मागतील. ते उठले. "खरंच बोलून राहिली ते," म्हणाले. "तुमी म्हनलं म्हनून मी सही केली." बाहेर आल्यावर गाडीला किक मारताना त्यांचा पाय दोनदा चुकला.

ताई पुढच्या फेरीत इंग्रजी काढून पास झाली. मी अकरावी, बारावी, मग बीएस्सी केलं. आता सदरमधल्या एका लॅबमध्ये आहे.

परवा शेजारची बाई रडत आली. तिच्या मुलीला, नववीत नापास झाल्यावर, तसंच सांगितलेलं. शाळा वेगळी, शब्द तेच. मी रजा टाकून त्यांच्यासोबत गेले. मुख्याध्यापक फार गोड बोलले. मी म्हटलं, "नापास मुलीला आम्ही पुन्हा नववीत बसू देत नाही, एवढं शाळेच्या कागदावर लिहून द्या. सही-शिक्का मारा. मग आम्ही दाखल्याचा अर्ज देतो."

ते म्हणाले, असं लिहून देता येत नाही.

"मग तोंडी कसं सांगता येतं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. बाहेरचा शिपाई आत डोकावला.

मुलगी त्याच शाळेत पुन्हा नववीत बसली आहे. तिच्या आईने मला हळूच विचारलं, "तुमी इतक्या काहून चिडल्या वं?" मला तिला शांतपणे सांगता आलं नाही.